आर्स गांवचे धर्मगुरू संत जॉन मरिया व्हिआनी

आपल्या देवळाच्या महोत्सवाच्या या स्मरणग्रंथांत बांधकामाचा इतिहास, धर्मगुरूंची नामावलि व निरनिराळ्या संघांचे वृत्तांत हे यावयाचेच. त्यांच्या जोडीला एका संताचें चरित्र द्यावें असें ठरलें, तेव्हां तें कोणाचें द्यावें याविषयीं फारसा विचार करावा लागला नाहीं. गांवचें देऊळ कशासाठीं असतें, तें हिरावून घेतलें गेलें तर काय होतें, आणि तें उभें असूनहि ओस पडलें तर काय होतें, या तिन्ही गोष्टी ज्याच्या एकट्याच्या आयुष्यांत पाहावयास मिळतात असा पुरुष म्हणजे फ्रान्स देशांतील आर्स या खेड्याचे धर्मगुरू संत जॉन मरिया व्हिआनी. त्यांनीं नवा संन्यासीसंघ स्थापिला नाहीं, मोठा ग्रंथ लिहिला नाहीं, कीं परदेशीं जाऊन धर्मप्रसारहि केला नाहीं. एका लहानशा गांवीं एकेचाळीस वर्षें राहून त्यांनीं एक देऊळ सांभाळिलें. एवढ्याच कामगिरीवर पवित्र ख्रिस्तसभेनें त्यांना संतपद दिलें.

जॉनचा जन्म ता. ८ मे १७८६ रोजीं लियों शहराजवळील दार्दिली या खेड्यांत झाला, व त्याच दिवशीं त्याला स्नानसंस्कार देण्यांत आला. बापाचें नांव माथ्यू, आईचें मरिया. सहा भावंडांत हा चवथा. घरीं बेताची शेती, थोडी द्राक्षांची बाग व कांहीं गुरेंमेंढरें होतीं. कुटुंब श्रीमंत नव्हे. परंतु दारीं आलेला भिकारी भाकर व रात्रीचा निवारा मिळाल्यावांचून परत जात नसे. आजोबांच्या वेळीं, १७७० सालीं, या घरीं फाटक्या वस्त्रांतला एक यात्रेकरू मुक्कामाला राहिला होता. तोच पुढें संत म्हणून प्रसिद्धीस आलेला बेनेडिक्ट जोसेफ लाब्र. अशा घरांत मुलाला प्रार्थना शिकविण्यास वेगळा गुरु लागत नाहीं. जॉनला ती आईच्या मांडीवर मिळाली. पुढें तो रानांत मेंढरें घेऊन जाई, तेव्हां देवमातेची एक लहानशी लांकडी मूर्ति बरोबर नेई, व एखाद्या झाडाच्या ढोलींत ती ठेवून इतर गुराखी मुलांना तिच्यासमोर गुडघे टेकावयास लावी.

मूल तीन वर्षांचें होतें तोंच, १७८९ सालीं, फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली. पुढच्या वर्षीं नव्या सरकारनें असा कायदा केला कीं, धर्मगुरूंनीं सरकारचे नोकर व्हावें व त्याप्रमाणें शपथ घ्यावी. परमगुरू पोपनीं या कायद्याचा निषेध केला. ज्यांनीं शपथ घेतली ते देवळांत राहिले. ज्यांनीं नाकारिली ते परागंदा झाले, तुरुंगांत गेले किंवा वधस्तंभावर चढले. दार्दिलीच्या धर्मगुरूनें शपथ घेतली होती. साध्या शेतकऱ्यांना हा भेद प्रथम उमजला नाहीं. व्हिआनी कुटुंब पूर्वीप्रमाणेंच रविवारीं देवळांत जात राहिलें. खरा प्रकार ध्यानीं आल्यावर मात्र त्या घरानें आपलें पाऊल तेथून मागें घेतलें. पुढें १७९३ व १७९४ या वर्षांत तर हाहाकार उडाला. देवळें बंद झालीं, घंटा उतरविल्या गेल्या, रस्त्याकडेचे क्रूस मोडून टाकण्यांत आले. लियों शहरांत माणसांची कत्तल चालली होती. शपथ न घेतलेल्या धर्मगुरूला घरांत आसरा देणें म्हणजे स्वतःच्या जिवावर उदार होणें होतें.

अशा वेळीं या लोकांनीं काय केलें? कोणी सुताराच्या वेषांत, कोणी स्वयंपाक्याच्या वेषांत धर्मगुरू गांवोगांव हिंडत. निरोप कानोकानीं जाई. मग रात्र पडल्यावर माणसें मुलांना हाताशीं धरून शेतांतून मैल मैल चालत जात, आणि एखाद्या कोठारांत, दारें लावून, मिणमिणत्या उजेडांत मिस्सेचें बलिदान होई. लहानगा जॉन या रात्रींच्या प्रवासांत असे. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें अशी माझी विनंति आहे. देव सर्वत्र आहे, तो घरींहि ऐकतो, मग देवळांत गेलेंच पाहिजे असें थोडेंच आहे, हें बोलणें आपण हल्लीं पुष्कळांच्या तोंडून ऐकतों. दार्दिलीच्या शेतकऱ्यांना देव सर्वत्र आहे हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. घरांत जपमाळ करणें त्यांना सोपें होतें, सुरक्षितहि होतें, आणि ते ती करीतहि असत. तरीहि ते त्या काळोखांतून चालत गेले. कारण वेदी, धर्मगुरू आणि एकत्र जमलेली मंडळी या तिहींवांचून आपल्या धर्माचा एक हातच तुटला आहे, असें त्यांना वाटत होतें. देऊळ गेलें म्हणून त्यांनीं देवळाचा नाद सोडला नाहीं. कोठाराचें देऊळ केलें.

जॉनचें पहिलें पापनिवेदन १७९७ सालीं स्वतःच्या घरींच, भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाखालीं झालें. एक लपतछपत आलेले धर्मगुरू तेथें बसले होते. प्रथम ख्रिस्तप्रसाद त्याला १७९९ सालीं एकुली या गांवीं मिळाला. दिवस गवतकापणीचे होते. ज्या घरांत मुलें जमलीं होतीं त्याच्या खिडक्यांसमोर गवतानें भरलेल्या गाड्या उभ्या केल्या होत्या व गडीमाणसें तें गवत उतरविण्याचें काम करीत होतीं, म्हणजे आंतील मेणबत्त्यांचा उजेड कोणाला दिसूं नये. तेरा वर्षांच्या मुलाच्या मनावर याचा काय ठसा उमटला असेल! या सोहळ्याची आठवण काढतांना ते म्हातारपणींहि गहिंवरून जात. पुढें हजारों माणसांनीं वेढलेल्या देवळांत ते उभे राहत, तेव्हां देऊळ म्हणजे हक्कानें मिळणारी वस्तु नव्हे हें त्यांच्याइतकें कोण जाणत असेल?

१८०१ सालीं नेपोलियन व परमगुरू यांच्यामध्यें करार झाला व देवळें पुन्हा उघडलीं. धर्मगुरू होण्याची इच्छा जॉनच्या मनांत आधींच रुजली होती; परंतु शेतावर हात हवे होते व बापाची संमति लवकर मिळेना. तो वीस वर्षांच्या घरांत आला तेव्हां कोठें एकुलीचे धर्मगुरू फादर बाले यांच्याकडे शिक्षण सुरू झालें. राज्यक्रांतीच्या काळांत शाळा मोडून गेल्या होत्या, त्यामुळें पाया कच्चा. त्यांत लॅटिन! ज्यांनीं गुरुविद्यालयांत ही भाषा शिकण्यासाठीं रात्री जागविल्या आहेत त्यांना त्या शेतकरी तरुणाची दया आल्यावांचून राहणार नाहीं. सकाळीं पाठ केलेलें संध्याकाळीं विसरे. त्याच्याहून कितीतरी लहान मुलें त्याला शिकवूं लागलीं. त्यांतल्या माथियास लोरास नांवाच्या मुलानें एकदां चिडून सर्वांदेखत त्याच्या थोबाडींत मारली; जॉननें गुडघे टेकून त्या मुलाचीच क्षमा मागितली. हाच लोरास पुढें अमेरिकेंत डब्यूक येथील पहिला बिशप झाला. निराश होऊन जॉन संत जॉन फ्रान्सिस रेजिस यांच्या समाधीच्या यात्रेला पायीं गेला, वाटेंत भीक मागून खाल्लें, आणि परत येऊन पुन्हा पुस्तकापुढें बसला.

इतक्यांत १८०९ सालीं सैन्यभरतीचें बोलावणें आलें. धर्मविद्यार्थ्यांना माफी होती, पण याचें नांव यादींत नव्हतें. दुखण्यामुळें तो तुकडीच्या मागें राहिला, वाट चुकला, व शेवटीं ले नोए नांवाच्या डोंगरी खेड्यांत जेरोम विन्सेंट या खोट्या नांवानें एका विधवेच्या घरीं लपून राहिला. तेथें तो मुलांना शिकवी व शेतांत राबे. १८१० सालीं बादशहाच्या लग्नानिमित्त सर्वांना माफी मिळाली, व धाकट्या भावानें त्याच्या ऐवजीं सैन्यांत नांव घातलें. या प्रकरणाचा जॉनच्या मनाला पुढें अभिमान कधींच वाटला नाहीं. तो घरीं परतल्यावर थोड्याच दिवसांत, १८११ सालीं, आई वारली.

गुरुविद्यालयांतील परीक्षेंत तो नापास झाला व त्याला घरीं पाठविण्यांत आलें. फादर बाले यांनीं त्याला सोडलें नाहीं. त्यांनीं त्याला मातृभाषेंत शिकविलें, वरिष्ठांकडे पुन्हा पुन्हा खेपा घातल्या. अखेर वरिष्ठांनीं विद्येपेक्षां भक्ति पाहिली, आणि ता. १३ आगस्ट १८१५ रोजीं ग्रेनोबल शहरीं त्याला गुरुदीक्षा मिळाली. तो तेथवर एकटाच पायीं चालत गेला होता. वय एकोणतीस. मला वाटतें, ज्या धर्मग्रामानें एका मंद मुलामागें इतकीं वर्षें उभें राहणारा धर्मगुरू पोसला, त्या एकुलीचें नांव या चरित्रांत आर्सच्या खालोखाल यावयास पाहिजे. दीक्षेनंतर व्हिआनी त्याच एकुलीला फादर बाले यांचे मदतनीस झाले. दोघेहि उपासतापासांत एकमेकांवर ताण करीत. डिसेंबर १८१७ मध्यें गुरूनें शिष्याच्या मांडीवर म्हणावें अशा रीतीनें प्राण सोडला.

फेब्रुवारी १८१८ मध्यें व्हिआनींची नेमणूक आर्सला झाली. हें गांव लियोंच्या उत्तरेस सुमारें ३५ किलोमीटरवर. वस्ती जेमतेम अडीचशें माणसांची. मातीचीं घरें, तळ्यांचा व चिखलाचा मुलूख. त्या वेळीं आर्सला पूर्ण धर्मग्रामाचा दर्जासुद्धां नव्हता. तो १८२१ सालीं मिळाला. नवे धर्मगुरू पायींच निघाले. दाट धुकें पडलें होतें, वाट सांपडेना. एका गुराखी पोरानें त्यांना वाट दाखविली, आणि आपण याची परतफेड स्वर्गाची वाट दाखवून करूं असें त्यांनीं त्याला सांगितलें, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या जागीं पुढें दोघांचे पुतळे उभारण्यांत आले.

आर्सचे लोक दुष्ट होते असें समजूं नये. कांहीं चरित्रकार संताचें तेज वाढविण्यासाठीं गांवाला काळें फांसतात. तें खरें नव्हे. ते लोक नास्तिक नव्हते, देवळाचे शत्रुहि नव्हते. त्यांना देवळाची गरजच वाटेनाशी झाली होती. राज्यक्रांतीच्या काळीं मनोरा पाडला गेला तो पाडलेलाच होता. मुलांना धर्मशिक्षण नव्हतें. पुरुष रविवारीं शेतांत गाड्या भरीत, व अंगावरचा घाम पुसून चार गुत्त्यांपैकीं कोठल्या तरी गुत्त्यांत जाऊन बसत. इतक्याशा वस्तीला चार गुत्ते! सणासुदीला नाच चाले तो पहाटेपर्यंत. दार्दिलीच्या माणसांजवळ देऊळ नव्हतें आणि ते कोठारांत गोळा होत होते. आर्सच्या माणसांजवळ देऊळ होतें आणि तें रिकामें होतें. व्हिआनींनीं हीं दोन्हीं दृश्यें आपल्या डोळ्यांनीं पाहिलीं, आणि त्यांतलें दुसरें त्यांना अधिक भयंकर वाटलें असावें.

त्यांनीं सुरुवात कोठून केली हें पाहण्यासारखें आहे. त्यांनीं सभा भरविली नाहीं. ते स्वतः देवळांत जाऊन बसले. पहाटे, अंधार असतांनाच, हातांत कंदील घेऊन ते देवळाचें दार उघडीत व पवित्र साक्रामेंतापुढें गुडघे टेकून तासन् तास राहत. कोणाला धर्मगुरूची गरज लागली तर घरीं शोधण्याचें कारण नसे; ते देवळांतच सांपडत. हवेलीच्या बाईसाहेबांनीं धर्मगुरूच्या घराला दिलेलें उंची सामान त्यांनीं परत पाठवून दिलें. स्वतःला ते उकडलेले बटाटे खात. एकदांच शिजवून ठेवावयाचे व आठवडाभर पुरवावयाचे, शेवटच्या बटाट्यांना बुरशी आलेली असे. परंतु वेदीसाठीं मात्र त्यांना चांगल्यांतलें चांगलें हवें असे. नवी वेदी आली, मिस्सेचीं भरजरी वस्त्रें लियोंहून आलीं, मनोरा पुन्हा उभा राहिला, एकामागून एक लहान उपमंदिरें जोडलीं गेलीं. गरीब गांवांत देवळावर खर्च कां, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर असें कीं, हा माणूस देवळावर खर्च करी तो स्वतःच्या ताटांतला वाचवून करी, आणि गरिबांना तर अंगावरचें देऊन टाकी. ज्यांच्या घरांत सुंदर असें कांहींच नाहीं, त्यांना सुंदर म्हणून आपलें म्हणतां येईल असें एक तरी ठिकाण असावें, हें त्या शेतकऱ्याच्या पोराला चांगलें समजत होतें.

मग ते घरोघर जाऊं लागले. दुपारीं जेवणाच्या वेळीं, माणसें घरांत सांपडत तेव्हां, ते दारांत उभे राहत. पिकांविषयीं, गुरांविषयीं, लेंकरांविषयीं विचारीत, व जातां जातां देवाचा शब्द काढीत. मुलांसाठीं रोज सकाळीं धर्मशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. संध्याकाळीं घंटा वाजे व देवळांत सामुदायिक प्रार्थना होई; प्रथम दोनचार बायका येत, नंतर घरेंच्या घरें येऊं लागलीं. पुरुषांसाठीं पवित्र साक्रामेंताचा संघ व बायकांसाठीं जपमाळेचा संघ त्यांनीं पुन्हा जिवंत केला. उपदेश तयार करणें हें त्यांना फार जड जाई. आठवडाभर ते लिहीत, रात्रीं पाठ करीत, आणि रविवारीं व्यासपीठावर चढल्यावर पुष्कळदां विसरून मध्येंच खालीं उतरत. तरी लोक ऐकत. गुत्ते एक एक करून गिऱ्हाइकांवांचून बंद पडले. रविवारची शेतांतली कामें थांबलीं.

नाचाविरुद्ध त्यांनीं जो झगडा केला तो वर्षानुवर्षें चालला, आणि त्यांत त्यांची वाणी फार कठोर होती. नाचाला गेलेल्यांना ते दीर्घकाळ पापमुक्ति नाकारीत. आजच्या वाचकाला हें अति वाटेल, मलाहि वाटतें. त्या काळच्या फ्रेंच धर्मगुरूंत जी कडक शिस्त रुळली होती तिच्यांतच ते वाढले होते. पुढें हजारों दुःखी जीवांचें निवेदन ऐकतां ऐकतां ते अधिकाधिक मवाळ होत गेले, व उत्तरवयांत कठोर शब्दांपेक्षां त्यांचे अश्रूच पाप्याला अधिक जिंकीत. त्यांच्यावर राग धरणारेहि गांवांत होते. कोणी त्यांच्या दाराला घाण फांसली, कोणी त्यांच्या शीलाविषयीं घाणेरडीं गाणीं रचलीं. आसपासच्या धर्मगुरूंनीं त्यांच्या अज्ञानाविषयीं तक्रारअर्ज फिरविला. तो चुकून त्यांच्या हातीं आला, तेव्हां त्यांनीं त्यावर आपलीहि सही करून तो पुढें पाठविला.

परंतु गांवाला त्यांची ओळख पटली होती याचा पुरावा फार लवकर मिळाला. १८२० सालीं त्यांची बदली साल नांवाच्या दुसऱ्या गांवीं झाली. सामान गाडींत चढलें; पण साऑन नदीला पूर आलेला, होडी पलीकडे जाईना. ते परत आले. दरम्यान गांवकऱ्यांनीं वरिष्ठांकडे धांव घेतली व बदली रद्द करून आणली. दोन वर्षांपूर्वीं ज्यांना धर्मगुरू असला काय नि नसला काय सारखेंच होतें, तेच लोक आतां आपल्या धर्मगुरूसाठीं अर्ज घेऊन उभे होते.

१८२४ सालीं त्यांनीं गरीब मुलींसाठीं एक शाळा काढली व तिला दैवी तरतूद अशा अर्थाचें नांव दिलें. गांवांतल्याच दोन शेतकरी मुली, कातरीन लासान्य व बेन्वा लार्दे, यांना शिकवून त्यांनीं ती त्यांच्यावर सोंपविली. पुढें तेथें पोरक्या मुलीहि राहूं लागल्या. एकदां धान्य संपलें व माळ्यावर मूठभर गहू उरले. मुलींना परत पाठवावें लागणार या दुःखांत व्हिआनींनीं एका संताचा अवशेष त्या गव्हांत ठेवून प्रार्थना करावयास लाविली; थोड्या वेळानें माळा गव्हानें भरलेला आढळला, असें ज्यांनीं तो पाहिला त्यांनीं पुढें संतपदाच्या चौकशींत शपथेवर सांगितलें आहे. १८३६ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस त्यांनीं आपला धर्मग्राम निष्कलंक मरियेच्या चरणीं वाहिला. त्यानंतर त्यांनीं एक सोनेरी हृदय करवून घेतलें, आंत आर्सच्या सर्व रहिवाशांचीं नांवें लिहून ठेवलीं व तें देवमातेच्या मूर्तीच्या गळ्यांत बांधलें. त्या नांवांत गुत्तेवाल्यांचीं, नाचणारांचीं व शिव्या देणारांचीं नांवें वगळलेलीं नव्हतीं. धर्मग्राम या शब्दाची याहून नेमकी व्याख्या मला कोठल्या धर्मशास्त्राच्या पुस्तकांत सांपडलेली नाहीं.

आर्सची कीर्ति बाहेर कशी पसरली हें सांगणें कठीण. १८२७ च्या सुमारास आसपासचे लोक पापनिवेदनासाठीं येऊं लागले. मग लियोंहून, मग साऱ्या फ्रान्सांतून, मग परदेशांतून. शेवटच्या वर्षांत वर्षाकाठीं ऐंशीं हजार ते एक लाख माणसें त्या खेड्यांत येत. लियोंच्या स्टेशनावर आर्सच्या तिकिटांसाठीं वेगळी खिडकी ठेवावी लागली, व परतीचें तिकीट आठ दिवसांच्या मुदतीचें मिळे. कारण त्याहून कमी वेळांत पापनिवेदनासाठीं पाळी येण्याची खात्री नसे. व्हिआनी मध्यरात्रीनंतर एकाच्या सुमारास देवळांत येत. उन्हाळ्यांत सोळा सोळा तास ते त्या अरुंद जागेंत बसून राहत. हिंवाळ्यांत पाय बधिर होत. मध्यें मिस्सा, अकरा वाजतां धर्मशिक्षणाचा तास, पेलाभर दूध, आजाऱ्यांच्या भेटी, आणि पुन्हां तीच जागा. १८४५ सालीं पॅरिसचे विख्यात प्रवचनकार फादर लाकोर्देर तेथें आले व शेतकऱ्यांमध्यें बांकावर बसून त्यांनीं व्हिआनींचा साधा उपदेश ऐकिला.

या गर्दींत आर्सचे स्वतःचे लोक हरवले नाहींत, हें मला विशेष वाटतें. त्यांच्यापैकीं एक म्हातारा शेतकरी शेतावर जातां येतां कुदळ दाराशीं टेकून देवळांत शिरे व पवित्र साक्रामेंताच्या पेटीकडे पाहत बसून राही; ओंठ हलत नसत, हातांत पुस्तक नसे. तो काय करतो असें धर्मगुरूंनीं विचारिलें, तेव्हां आपण देवाकडे पाहतों व देव आपल्याकडे पाहतो, एवढेंच त्यानें सांगितलें. व्हिआनी ही हकीकत सांगतांना रडत. ज्या गांवांत पूर्वी देवळांत कोणी फिरकत नसे, तेथें आतां असा मनुष्य निपजला होता, आणि त्याला कोणी संत म्हणून मिरविलेंहि नाहीं.

आतां एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि ती कांहीं वाचकांना चमत्कारिक वाटेल. ज्या पुरुषानें या देवळासाठीं जिवाचें पाणी केलें, त्यानेंच तेथून पळून जाण्याचा तीनदां प्रयत्न केला. आपण अडाणी आहों, इतक्या जीवांचा जबाब आपणांस द्यावा लागणार, आणि गांवचा धर्मगुरू म्हणूनच मरण आलें तर आपलें तारण कसें होईल, या भीतीनें ते पोळत होते. कोठें तरी एकांतांत जाऊन आपल्या पापांसाठीं रडावें एवढीच त्यांची इच्छा. १८४० सालीं एका रात्रीं ते निघाले, पण गांवाबाहेरच्या क्रुसापाशीं थांबून परत फिरले. १८४३ सालीं मोठ्या दुखण्यांतून उठल्यावर ते दार्दिलीला भावाच्या घरीं जाऊन राहिले. आठ दिवसांत तेथेंहि यात्रेकरूंची रीघ लागली. आर्सहून माणसें शोधीत आलीं. बिशपांनीं सुचविलेल्या दुसऱ्या एका जागीं जाऊन त्यांनीं मिस्सा अर्पिली व तेथेंच त्यांच्या मनाचा निश्चय झाला. ते आर्सला परतले. घंटा वाजूं लागल्या. लोकांनीं खळ्यांतलें काम टाकलें व चौकांत येऊन रस्त्यावर गुडघे टेकले.

तिसरी खेप सप्टेंबर १८५३ मधली. या वेळीं बेत फुटला. नवे मदतनीस फादर तोकानिए, कातरीन व आणखी एक दोघे पाळत ठेवून होते. मध्यरात्रीं व्हिआनी निघाले, ओढ्यापर्यंत पोहोंचले. तोकानिए यांनीं त्यांच्या काखेंतलें नित्यप्रार्थनेचें पुस्तक काढून घेतलें. तिकडे कोणी मनोऱ्यावर चढून धोक्याची घंटा बडविली. आग लागली असें समजून गांवकरी बादल्या व कुऱ्हाडी घेऊन धांवले. कंदिलांच्या उजेडांत त्यांना आपला धर्मगुरू काठी घेऊन उभा दिसला. बायाबापड्या रडूं लागल्या. आमचें निवेदन अर्धें राहिलें आहे, तें तरी ऐका, असा यात्रेकरूंनीं आकांत केला. म्हातारा पुरुष गर्दींतून वाट काढीत देवळांत गेला, गळ्यांत स्टोला घातला आणि आपल्या जागीं जाऊन बसला. मागाहून त्यांनीं स्वतःच आपल्या या वागण्याला पोरकटपणा म्हटलें.

कांहीं चरित्रकार हा भाग उरकून टाकतात. मला तो फार मोलाचा वाटतो. व्हिआनींनीं आर्सला देवाकडे नेलें हें सर्व सांगतात. परंतु व्हिआनींना देवाच्या कामावर कोणी टिकवून धरलें? त्या रात्रीं कुऱ्हाडी घेऊन धांवलेल्या अडाणी शेतकऱ्यांनीं. आपल्याला एकटें गांठून सैतान एकांताच्या मिषानें ओढीत होता, असें ते पुढें समजले. धर्मगुरू धर्मग्रामाला सांभाळतो हें खरें. पण तितकेंच खरें हेंहि कीं, धर्मग्राम आपल्या धर्मगुरूला सांभाळतो. तीस पस्तीस वर्षांपूर्वीं जे लोक रविवारीं देवळाचें तोंड पाहत नसत, त्यांच्याच हातून देवानें हें करून घेतलें.

मानमरातब त्यांच्या वाट्याला आले ते त्यांना ओझेंच वाटले. १८५२ सालीं बिशपांनीं त्यांना मानाची शाल पांघरविली. ती त्यांनीं लागलीच पन्नास फ्रँकांना विकली व पैसे धर्मकार्याला दिले. १८५५ सालीं सरकारनें पदक पाठविलें. त्याबरोबर गरिबांसाठीं कांहीं रक्कम येते काय एवढीच त्यांनीं चौकशी केली, व येत नाहीं असें कळल्यावर तें बाजूला ठेविलें.

१८५९ चा जुलै महिना असह्य उकाड्याचा होता. ता. २९ रोजीं व्हिआनी नेहमींप्रमाणें रात्रीं एक वाजतां देवळांत गेले, दिवसभर बसले, रात्रीं घरीं येऊन कोसळले, आणि पुन्हां उठले नाहींत. गांवकऱ्यांनीं त्यांच्या घरावर चादरी टांगल्या व शिड्यांवर चढून ते त्या वरचेवर भिजवीत राहिले, म्हणजे आंत थोडा गारवा राहावा. शेवटचे संस्कार त्यांनीं शांतपणें घेतले. बिशप आदल्या संध्याकाळीं धांवत येऊन भेटले. ता. ४ आगस्ट रोजीं पहाटे दोन वाजतां त्यांनीं प्राण सोडला. वय त्र्याहत्तर वर्षें. त्यांचा देह त्याच देवळाच्या मध्यभागीं, लोक बसतात त्या ठिकाणीं पुरण्यांत आला.

परमगुरू दहावे पायस, जे स्वतः खेड्यांतले धर्मगुरू राहिलेले होते, यांनीं १९०५ सालीं व्हिआनींना धन्यवादित म्हणून जाहीर केलें. ता. ३१ मे १९२५ रोजीं परमगुरू अकरावे पायस यांनीं त्यांना संतपद दिलें, व १९२९ सालीं ते जगांतील सर्व धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते ठरले. त्यांच्या मृत्यूला दीडशें वर्षें झालीं त्या २००९ सालीं परमगुरू सोळावे बेनेडिक्ट यांनीं धर्मगुरूंचें खास वर्ष पाळावयास लाविलें. ४ आगस्ट हा त्यांचा सण आपल्या देवळांतहि साजरा होतो.

यात्रेकरूंसाठीं मोठें देऊळ बांधावें हा विचार त्यांच्या हयातींतच निघाला होता. त्यांच्या मृत्यूनंतर १८६२ सालीं शिल्पकार बॉस्सां यांच्या देखरेखीखालीं त्या कामाला सुरुवात झाली. परंतु नवी भव्य बासिलिका उभारतांना जुनें देऊळ जमीनदोस्त करावयाचें नाहीं असें ठरलें. म्हणून आजहि आर्सला जाणारा मनुष्य प्रथम विटांच्या त्या बुटक्या मनोऱ्याखालून आंत शिरतो, व्हिआनींचें तें साधें लांकडी व्यासपीठ व पापनिवेदनाची ती अरुंद जागा ओलांडतो, आणि मग मोठ्या बासिलिकेंत पोहोंचतो.